तांड्याची लाईट धरून घेतलेला लॅपटॉप

महागावच्या फाट्यावर पुण्याची ट्रॅव्हल्स सामान चढेपर्यंतच थांबते. त्या संध्याकाळी माझ्याकडे एक सूटकेस, ज्वारीच्या पिठाची पिशवी आणि बिजागरी तुटलेला जुना लॅपटॉप होता. लॅपटॉप मी साडीच्या फडक्यात गुंडाळून गाठ मारली होती. याडी, म्हणजे माझी आई, ऑटोतून उतरून शेवंताकाकीच्या खांद्यावर हात ठेवत बसपर्यंत आली. संध्याकाळच्या अंधुक उजेडात बस तिला दिसत नव्हती. इंजिनाच्या आवाजावरून तिने दार शोधलं.

"मशीन मांडीवर घेऊन बस," ती म्हणाली. "खालतं ठेवशीन तं कोनी लात मारन."

क्लीनरने दार ओढलं. रडारड झाली नाही. शेवंताकाकीने मात्र बाहेरून काचेवर थाप मारली आणि विचारलं, "अवं सुनी, सुई जेवनाच्या आधी का मंग?"

"आधी! काकी, आधी!" मी आतून ओरडले. तिला ऐकू गेलं की नाही कळलं नाही. बस सुटली. मग मी फोन लावला आणि रेंज तुटेपर्यंत तेच सांगत राहिले.

घरात आम्ही गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलतो. इथं याडीचं बोलणं मी वऱ्हाडीत देते आहे, महागावच्या बाजारात ती बोलते तसं. तांड्यावरच्या तुम्हा लोकांना आमची हकिगत माहीत आहे, पण माझ्यासारखे जे निघून गेले त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. याडीला बरीच वर्षं साखरेचा आजार आहे. रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन लागतं. एका डोळ्याने काही दिसत नाही, दुसऱ्याने माणूस दिसतो, त्याचं तोंड दिसत नाही. इन्सुलिनच्या पेनवरचा आकडा दिसण्याचा प्रश्नच नाही. ते काम माझं होतं. माझं लग्न टिकलं नाही, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. तेव्हापासून मी तांड्यावरच होते आणि महागावला बाजाराजवळ कॉम्प्युटरचा क्लास चालवत होते. शेजारची शेवंताकाकी म्हणाली, तू जा, सुई मी देईन. पण कापसाची वेचणी सुरू झाली की ती दिवस उगवायच्या आत वावरात जाते. म्हणजे तिचा शब्द दिवाळीपर्यंतचा होता. मला हे माहीत होतं आणि तिलाही.

क्लास बंद पडला होता. सगळं मोबाईलवर होऊ लागल्यावर पोरं टायपिंग शिकायला कशाला येतील? रिकाम्या क्लासमध्ये बसून मी स्वतः प्रोग्रॅमिंग शिकले. महागावच्या एका व्यापाऱ्यासाठी एक प्रोग्रॅम केला, गोदामात कापसाच्या कोणत्या गठाणी कुठं रचल्या आहेत ते दाखवणारा. त्यावरून पुण्यातल्या एका छोट्या कंपनीने बोलावलं. ते लोक गोदामांसाठीच सॉफ्टवेअर करतात. मी सेहेचाळीस वर्षांची. मुलाखत घेणारा ऋग्वेद माझ्या क्लासातल्या शेवटच्या बॅचच्या वयाचा. त्याने सांगितलं की सुरुवातीचे सहा महिने चाचणीचे आणि लॅपटॉप स्वतःचा. पहिला महिना ऑफिसात बसायचं, नंतर काम वेळेवर येत असेल तर कुठूनही करा.

"कुठूनही" हा शब्द मी धरून ठेवला. अर्धा महिना पुण्यात, अर्धा तांड्यावर. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की तांड्यावर जास्त. सगळा बेत त्या एका शब्दावर आणि एका लॅपटॉपवर उभा होता. हा बेत फसला तर याडीला सुई कोण देणार, याला माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. आणि नोकरी सोडली तर या वयात दुसरी कोण देणार, यालाही नव्हतं.

पुण्यात मी हडपसरकडे दोन नर्स मुलींच्या फ्लॅटमध्ये एक खोली घेतली. पहिल्या रात्री झोप लागली नाही, कारण पंखा एकदाही थांबला नाही. तुम्हाला हसू येईल. आपल्याकडे पंखा थांबला की माणूस कूस बदलतो, बाजेवरून उठतो, पाणी पितो, तेवढ्यात लाईट येते. इथं सगळं एका दमात चालतं. हळूहळू सवय झाली. माणसाला सुखाची सवय लवकर होते, मशीनची निवड मात्र जुन्याच सवयीने होते, हे मला नंतर कळलं.

जुन्या लॅपटॉपने पहिल्याच आठवड्यात मान टाकली. मी दुकानात गेले. दुकानातल्या पोराने कपाळावरचं कुंकू पाहिलं, हातावरचं गोंदण पाहिलं आणि अदबीने विचारलं, "मुलासाठी घेताय का, काकू?"

"मुलगा नाही. माझ्यासाठी."

"म्हणजे मेल, यूट्यूब, भजनं वगैरे?"

"प्रोग्रॅमिंग. डेटाबेस, सर्व्हर आणि ब्राउझर एकाच वेळी उघडे असतात. रॅम किती मिळेल, आणि नंतर वाढवता येते का?"

त्याने अदब टिकवली आणि खुर्ची दिली. मग दोन मशीन समोर ठेवली. एक जाडजूड. बत्तीस जीबी रॅम, तगडा प्रोसेसर, आत दोन पंखे. चार्जर विटेएवढा. काम कितीही टाका, वाकणार नाही. पण चार्जर काढला की तास-दीड तासात बॅटरी संपते, आणि बॅटरीवर चालताना वेगही निम्मा होतो. दुसरं पातळ, एका हातात उचलता येणारं. आत पंखाच नाही. आठ जीबी रॅम, तीही बोर्डावर पक्की बसवलेली, पुढे वाढवता येणार नाही. पण बॅटरी दिवसभर चालणारी. मोबाईलच्या साध्या चार्जरवरही भरणारी.

ऋग्वेदने पाठवलेल्या मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की सोळाच्या खाली रॅम घेऊ नका. मी वीस वर्षं पोरांना हेच शिकवलं होतं की आधी काम बघा, मग मशीन. आणि तरी त्या दुकानात उभं राहून माझ्या डोक्यात काम आलंच नाही. डोक्यात आली तांड्यावरची डीपी, म्हणजे लाईटचा ट्रान्सफॉर्मर. संध्याकाळी सगळ्यांचे पंप सुरू झाले की बल्ब पिवळा पडतो, पंखा म्हाताऱ्यासारखा फिरतो. कधी फेज जातो, कधी वायरमन म्हणतो उद्या येतो. याडीचं इन्सुलिन आम्ही फ्रिजवर सोडत नाही, ओल्या रेतीत पुरलेल्या गाडग्यात ठेवतो. ज्या घरात औषध फ्रिजच्या भरवशावर राहत नाही, त्या घरात विटेएवढ्या चार्जरचं काय होणार?

मी पातळ मशीन घेतलं.

पोरगा म्हणाला, "काकू, प्रोग्रॅमिंगला हे कमी पडेल हं."

मी म्हणाले, "लाईट गेली तर?"

त्याला प्रश्न कळला नाही. पुण्यात मी चूक केली ती ही. गावाकडून आलेला माणूस शहरात फसतो तो फार हुशार लोकांकडून, असं आपण म्हणतो. मला कोणी फसवलं नाही. मी पुण्यात उभी राहून महागाव तालुक्याच्या लाईटसाठी खरेदी केली.

पहिला महिना मी रेटला. जेवायला उठताना बिल्ड लावायची, म्हणजे लिहिलेल्या सगळ्या कोडची जुळणी करायला सांगायचं. हात धुऊन आलं तरी ते चालूच. एका वेळी एकच काम उघडं ठेवायचं. डेटाबेस चालू असला की ब्राउझर बंद. चूल एक आणि पातेली चार, असा स्वयंपाक मी केलेला आहे, त्यामुळे जमलं. ऋग्वेद मागे येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "मॅम, तुमचं मशीन विचार करतंय की तुम्ही?" मी म्हणायची, "आम्ही दोघी." तो हसायचा. पण तिसऱ्या-चौथ्या वेळी तो हसला नाही.

महिना संपला. पंधरा दिवसांची परवानगी घेऊन मी तांड्यावर आले. याडी ओट्यावर बसली होती. माझ्या चपलांच्या आवाजावर म्हणाली, "वजन कमी झालं तुह्यं. पुन्यात भाकर भेटत नाई का?"

घरात फोन लागतो, पण नेटची रेंज नाही, हे नेहमीचंच. रेंज आहे शेवंताकाकीच्या गच्चीवर, तीही डिशच्या दांड्यापाशी. मी पिशवीत फोन घातला, पिशवी दांड्याला टांगली, जुन्या साडीची सावली बांधली आणि खाली गोणपाटावर ऑफिस मांडलं. शेवंताकाकीने पहिल्या दिवशी जिन्यातून डोकं वर काढून पाहिलं.

"पाहा व बाई! पुन्याची सायबीन माह्या सलाबावर बसून राह्यली! किराया लागन, सांगून ठेवतो!"

"काकी, चहा पाज आधी."

"चहाचा अलग लागन."

लाईट दिवसातून कितीदा तरी गेली. माझं मशीन चालूच राहिलं. पहिले दोन दिवस मी मनातल्या मनात त्या दुकानातल्या पोराला उत्तरं देत होते. तिसऱ्या दिवसापासून ऊन तापलं. ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. बिनपंख्याचं मशीन तापलं की स्वतःला वाचवायला वेग कमी करतं. आठ जीबी आधीच कमी, त्यात हे. बटण दाबलं की अक्षर थोड्या वेळाने उमटायचं. मी काकीची परात आणली, तिच्यात पाणी ओतलं, त्यावर स्टीलचं ताट पालथं घातलं, त्या ताटावर लॅपटॉप. तळ थोडा निवायचा. पाणी कोमट झालं की बदलायचं. दर तासाला मी परात घेऊन जिना उतरत होते आणि चढत होते, आणि वरून कंपनीच्या मीटिंगमध्ये "येस, येस" म्हणत होते. क्लासात मी शिकवलेल्या पोरींपैकी कोणी पाहिलं असतं तर त्यांनी कधीच कॉम्प्युटरला हात लावला नसता.

दुसरा उपाय म्हणून मी महागावला रामेश्वर फोटोवाल्याकडे गेले. तो लग्नाचे व्हिडिओ करतो, त्याच्याकडे जाडजूड मशीन आहे. एका संध्याकाळपुरतं मागून आणलं. घरी लावलं, आणि पिवळ्या बल्बाखाली चार्जरचा दिवा लागला, विझला, लागला, विझला. पंप सुरू होते. शेवटी ते बॅटरीवर आलं आणि कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत बॅटरी निम्मी संपली. सकाळी परत द्यायला गेले तर रामेश्वर म्हणाला, "ताई, माह्याकडं जनरेटर हाय म्हनून हे जनावर उभं राह्यते. तांड्यात नाई टिकत हे. कायले जीवाले तरास करून घेता?"

म्हणजे जे मशीन काम ओढू शकत होतं ते तांड्यावर जगत नव्हतं. जे तांड्यावर जगत होतं ते काम ओढत नव्हतं. मी रस्त्याच्या कडेला गाड्या जाऊ देत उभी राहिले. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आता मला काही सुचत नाही. मला नेहमी काहीतरी सुचतं.

दुसऱ्या दिवशी डेमो होता. एका मोठ्या गोदामवाल्याला आमचं काम दाखवायचं होतं. माझा भाग मीच दाखवणार होते. परातीत ताजं पाणी घातलं, फोन दांड्याला टांगला, केस नीट केले. समोर कंपनीचे लोक, गोदामवाला आणि त्याचा मुनीम. मी स्क्रीन दाखवली, गठाणींचा नकाशा उघडला, एक गठाण या रांगेतून त्या रांगेत हलवली.

गठाण हललीच नाही. मधोमध गोल फिरत राहिलं.

"एक मिनिट," मी म्हणाले. मिनिट गेलं. मी डेटाबेस बंद करून परत सुरू केला. सगळं गोठलं. माझा चेहराही तोंड अर्धवट उघडं असतानाच गोठला असणार. तेवढ्यात खालून शेवंताकाकीचा आवाज आला, खणखणीत, "सुनी! लाईट आली व! परात खाली दे, मले कनिक मळाची हाय!"

ते सगळ्यांनी ऐकलं. मुनीम हसला. गोदामवाला हसला नाही. ऋग्वेद शांतपणे म्हणाला, "मॅम, मी शेअर करतो." आणि त्याने त्याच्या मशीनवरून माझी गठाण हलवली. क्षणात हलली. कोड माझाच होता. बरोबर होता. एवढंच समाधान, आणि त्याचा कोणाला उपयोग नव्हता.

संध्याकाळी त्याचा फोन आला. पोरगा भला आहे. त्याने आवाज चढवला नाही, हेच जास्त लागलं.

"सुनीता मॅम, पुढच्या आठवड्यात रिव्ह्यू आहे. मी तुमच्या बाजूने बोलणार आहे. पण हे मशीन घेऊन नाही. प्रॉपर मशीन घ्या, आणि आता ऑफिसमधूनच बसा."

"किती दिवस?"

"प्रोबेशन संपेपर्यंत तरी. नंतर क्लायंट मोठे आले तर... बघू."

"कुठूनही म्हणाला होतात तुम्ही."

"हो मॅम. म्हणजे, जिथे इंटरनेट आणि पॉवर आहे अशा कुठूनही."

मी फोन ठेवला. जिन्याच्या पायरीवर बसले. याडी खाली ओट्यावर होती आणि तिचे कान, तुम्हाला माहीत आहे, डोळ्यांचंही काम करतात. मी तिला संध्याकाळची सुई दिली. भाकरी खाल्ली. मग मी हिशेब मांडला, पैशांचा नाही, माणसांचा. काकी वेचणीला जाणार. काकीची सून दवाखान्यात कामाला जाते. तांड्यावरचे निम्मे लोक ऊसतोडीला निघणार. याडी पुण्याला येणार नाही, एकदा विचारलं होतं तर म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावर मी कोनाशी बोलू, नळाशी?" उरले मी. मी राहिले तर नोकरी जाणार. नोकरी गेली तर पेनची काडतुसं कुठून आणणार? दोन्ही वाटा एकाच खड्ड्यात जात होत्या. मी ऋग्वेदला मेसेज लिहिला की मला जमणार नाही. पाठवला नाही. सकाळी पाठवू म्हटलं.

सकाळी मी उठले तेव्हा याडी चुलीपुढे बसली होती. गाडग्यातून पेन तिनेच काढलं होतं.

"थांब, मी देते," मी म्हणाले.

"बस तिथंच."

तिने पेन कानाशी नेलं. टोक फिरवलं. टक. टक. टक. ओठ हलत होते. प्रत्येक टकीला एक माप. थांबली, परत कानाशी नेलं, पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सुई दिली. हात माझ्यापेक्षा स्थिर होता. मग पेन माझ्यापुढे धरलं नाही, दाराकडे धरलं. दारात शेवंताकाकी उभी होती, डोक्याला फडकं बांधून, वावरात जायच्या तयारीत.

काकी म्हणाली, "मी वावरात जाता येता आकडा पाह्यतो. तिनं फिरवलं की मले दाखोते, मंग टोचते. आज तुले दाखोयचं होतं म्हनून तिनं दम धरला नाई. तू पुन्यात होती तवा रोज असंच चाललं आमचं."

"मला का नाही सांगितलं?"

याडी म्हणाली, "तू बारकी मशीन काहून घेतली, ते तू मले सांगितलं का?"

तिला कसं कळलं, हे विचारण्यात अर्थ नव्हता. गच्चीवरचं माझं सगळं बोलणं खाली ओट्यावर ऐकू जात होतं.

"रामेश्वरची मशीन आनली, लाईटच्या नावानं बोंबलली, परत नेऊन देली," ती म्हणाली. "मले काय येडी समजते? तू ते बारकं डबडं माह्यासाठी घेतलं. माह्या सुईसाठी."

"याडी..."

"तुह्या आज्यानं लदेणी पाह्यलती." लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर माल लादून मुलुखभर नेण्याचा आमच्या लोकांचा जुना धंदा. "तो सांगे, बैल घ्याचा तं वाट पाहून घ्या. घर पाहून घेसान तं घरापाशीच बसन. तुह्यी वाट कुटं हाय?"

मी म्हणाले, "तू पडलीस तर? आकडा चुकला तर?"

"चुकन तवा पाहू. तू इथं बसून काय करशीन? मी टकटक करू आन तू परात भरू? जा. मोठी मशीन घे. आन मले रोज फोन कर, पन रडत नको करू. रडली तं मी उचलनार नाई."

काकी दारातून म्हणाली, "लवकर जा बापा, माह्यी परात तरी मोकळी होईन."

मी तो लिहून ठेवलेला मेसेज पुसला. हे सगळं नीट, समजूतदारपणे झालं असं वाटू देऊ नका. मी याडीवर चिडले होते. आपल्यावाचून माणसाचं चालतं, हे कळल्यावर जीव मोकळा होतो असं म्हणतात. माझा झाला नाही. ट्रॅव्हल्समध्ये बसल्यावर पूर्ण रस्ता मी हातातला फोन खाली ठेवला नाही, आणि आजही रोज सकाळी काकीचा "पाह्यला व आकडा" असा फोन येईपर्यंत ठेवत नाही.

पुण्यात मी त्याच दुकानात गेले. तोच पोरगा होता. त्याने मला ओळखलं, चांगली खुर्ची दिली.

"काकू, मागचं कसं चाललंय?"

"चाललं नाही. ते जाड दाखवा."

तो खुश झाला. बत्तीस जीबी, दोन पंखे, मोठा पडदा, सगळं परत सांगितलं. मी कीबोर्डवर दोन ओळी टाईप केल्या, मशीन उलटं करून हवेच्या जाळ्या पाहिल्या, रॅमचा एक कप्पा रिकामा आहे का विचारलं. होता. चार्जर हातात घेतला. खरंच विटेएवढा.

"वापर कुठे जास्त असणार?" तो म्हणाला. "फिरतं काम असेल तर बॅटरीचं बघायला लागेल."

"इथं," मी म्हणाले.

एका शब्दाचं उत्तर. गाव सोडताना फाट्यावर माझ्या तोंडून असं काही निघालं नव्हतं. तेव्हा मी पंधरा दिवसांत येणार होते, म्हणजे मी गेलेच नव्हते. मी तांडा सोडला तो त्या काउंटरवर, चार्जर हातात धरून.

रिव्ह्यू झाला. नोकरी राहिली. चाचणीचे महिने संपले आणि मोठे क्लायंट आले, तेव्हा "बघू"चा अर्थही कळला. आता फक्त दिवाळीला आणि होळीला तांड्यावर जाते. पातळ मशीन माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला दिलं, ती महागावात दुकानांचे हिशेब लिहून देते. तिला ते पुरतं, आणि लाईट गेली तरी चालतं.

आता तुमच्यापैकी काहीजण मला फोन करून विचारतात. तांड्यावरच्या पोरीही विचारतात, ताई, प्रोग्रॅमिंगला कोणता लॅपटॉप घेऊ? मी सांगते. रॅम सोळाच्या खाली नको, जमलं तर वाढवता येणारी घ्या. कीबोर्डवर पैसे वाचवू नका, दिवसभर बोटं तिथंच राहणार आहेत. पडदा डोळ्याला बरा असावा. पातळपणावर भुलू नका. हे सगळं सांगून झाल्यावर मी विचारते, कुठं बसून करणार? काही म्हणतात, दोन्हीकडे. मी त्यांना दोन्हीकडे म्हणू नका असं सांगत नाही. सांगून कळत नाही. दोन्हीकडे चालणारी मशीनही आता निघाली आहेत म्हणे, भारी आहेत. मी घेतली तेव्हा मला परवडत नव्हती, आणि आता परवडली तरी उशीर झाला.

याडीची तब्येत मधल्या काळात एकदा बिघडली. साखर उतरली, ओट्यावर कलंडली. काकीने तोंडात गूळ घातला. मला कळलं ते सगळं झाल्यावर. मी मोठ्या मशीनवर बसले होते, बिल्ड क्षणात होत होतं, सगळं धावत होतं, आणि माझ्या आईच्या तोंडात गूळ दुसरी बाई घालत होती. हा या मशीनचा वेग आहे. त्यातून मिळणाऱ्या पगारातूनच तिची काडतुसं येतात, हेही खरं. दोन्ही खरं असलं की एकाने दुसऱ्याचं दुखणं कमी होत नाही.

आता मी संध्याकाळी काम करता करता तिला फोन लावते. फोन टेबलावर, स्पीकरवर. ती बोलते, मी टाईप करते. शेळी व्याली, काकीची सून रुसली, कापूस ओला झाला. मी हं हं म्हणते. परवा बोलता बोलता ती थांबली आणि म्हणाली, "घे. गेली लाईट."

पुण्यात ट्यूब जळत होती, पंखा फिरत होता, चार्जरचा दिवा हिरवा होता. आणि माझा डावा हात आपोआप कंट्रोल-एसवर गेला. लाईट गेली की आधी केलेलं काम साठवून ठेवायचं, ही क्लासातल्या वीस वर्षांची सवय. फाईल आधीच साठवलेली होती. तरी मी परत एकदा बटण दाबलं.

"काय टकटक करून राह्यली?" याडीने अंधारातून विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "येईल लाईट. तू बोल."